कोर्स पत्रकात शैक्षणिक प्रामाणिकतेचे नियम कसे लिहावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्या विषयाचे कोर्स पत्रक स्वतः तयार करणाऱ्या प्राध्यापकांसाठी ही उत्तरे आहेत. मजकूर जमला की नाही हे तपासायची कसोटी सोपी आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला 'हे केलं तर चालेल का?' असा प्रश्न पडला, तर कोणालाही न विचारता पत्रकातच त्याला उत्तर सापडले पाहिजे.

कॉलेजची नियमावली आहेच. मग पत्रकात पुन्हा कशाला लिहायचे?

नियमावली सगळ्या विभागांसाठी असते, म्हणून ती मोघम असणारच. 'अनधिकृत मदत घेऊ नये' एवढे ती सांगते. तुमच्या विषयात कोणती मदत अधिकृत आहे, हे तिला माहीत नसते. सांख्यिकीच्या तासाला जोडीने गणिते सोडवणे अपेक्षित असते आणि त्याच विद्यार्थ्याने दुपारी निबंध तसाच जोडीने लिहिला तर ती कॉपी ठरते. सीमा लिहून दिलेली नसली की विद्यार्थी मागच्या सत्रातल्या शिक्षकांची सीमा गृहीत धरून चालतो, आणि त्यात त्याची फारशी चूक नसते.

दुसरे कारण कोरडे आहे. प्रकरण समितीपुढे गेले की पहिल्याच काही प्रश्नांत 'हे विद्यार्थ्याला लेखी कुठे सांगितले होते?' हा प्रश्न येतो.

नियमावलीचा मजकूर मात्र पत्रकात उतरवून घेऊ नका. दुवा आणि कलम क्रमांक द्या. नियमावली बदलते, पत्रकात जुनी आवृत्ती तशीच राहते, आणि दोहोंत विसंगती निघाली की संशयाचा फायदा विद्यार्थ्याला जातो. तो जायलाही हवा.

सुरुवात कुठून करावी?

व्याख्येपासून नको, गुणांच्या यादीपासून करा. कागदाच्या डाव्या बाजूला गुण असलेले प्रत्येक काम लिहा: साप्ताहिक स्वाध्याय, प्रॅक्टिकलची जर्नल, प्रकल्प, सादरीकरण, चाचणी, सत्रान्त परीक्षा. वरच्या ओळीत पाच प्रश्न लिहा:

१. हे काम करताना कोणाशी बोलता येईल?
२. कोणते साहित्य समोर ठेवता येईल?
३. एआय, भाषांतराची किंवा व्याकरण तपासणीची साधने वापरता येतील का?
४. आधी दुसऱ्या विषयासाठी केलेले काम यात वापरता येईल का?
५. घेतलेली मदत कुठे आणि कशी नमूद करायची?

पहिल्या चार प्रश्नांच्या प्रत्येक खान्यात 'हो', 'नाही' किंवा 'हो, पण नमूद करून' यांपैकी एकच उत्तर लिहा. 'परिस्थितीनुसार' असे लिहावेसे वाटले तर थांबा. ते काम विद्यार्थ्याला नेमके काय शिकवण्यासाठी दिले आहे, हे तुमच्याच मनात पक्के झालेले नाही. ते ठरले की खाना आपोआप भरतो. उदाहरणार्थ, साप्ताहिक स्वाध्याय सरावासाठी असेल तर चर्चेला हरकत नाही, पण एकट्याची तयारी जोखण्यासाठी असेल तर आहे.

तक्ता भरल्यावर बहुतेक खान्यांत सारखीच उत्तरे दिसतात. ती तुमची सर्वसाधारण नियमावली. वेगळी निघालेली उत्तरे अपवाद म्हणून त्या त्या कामाखाली लिहा. हा तक्ता पत्रकात जसाच्या तसा छापायलाही हरकत नाही. विद्यार्थी परिच्छेदांपेक्षा तो जास्त वेळा उघडतात.

मजकूर किती लांब असावा आणि कुठे ठेवावा?

तक्ता सोडून ३०० ते ५०० शब्द पुरतात. जागा गुणांच्या विभागणीच्या लगेच खाली. शेवटच्या पानावर, ग्रंथालयाच्या वेळा आणि आपत्कालीन सूचना यांच्यामध्ये ठेवलेला मजकूर कोणी वाचत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक असाइनमेंटच्या सूचनापत्रावर त्या कामापुरते नियम दोन-तीन ओळींत पुन्हा लिहा. काम करायला बसलेला विद्यार्थी सूचनापत्र उघडतो, पत्रक नाही.

भाषा कडक असावी का?

नेमकी असावी. 'वाङ्मयचौर्य अजिबात खपवून घेतले जाणार नाही' या वाक्यातून विद्यार्थ्याला फक्त तुमचा मूड कळतो. त्याऐवजी कृती सांगणारी क्रियापदे वापरा: उतरवणे, पाठवणे, अपलोड करणे, दाखवणे, भाषांतर करणे. 'गैरवाजवी', 'अयोग्य', 'अति' ही विशेषणे टाळा, कारण त्यांचा अर्थ ठरवण्याचे काम पुन्हा वाचणाऱ्यावर येऊन पडते.

दुसरे पथ्य असे की प्रत्येक मनाईला लागून एक परवानगी लिहा. 'दुसऱ्याचे उत्तर पाहू नका' याच्या पुढेच 'अडलात तर प्रश्न समजून घेण्यासाठी वर्गमित्रांशी बोला किंवा शंकासमाधानाच्या तासाला या' असे असू द्या. नुसत्या मनाईने घाबरतात ते मुळात प्रामाणिक असलेले विद्यार्थी. ते रीतसर मदत घ्यायचेही थांबतात.

एकत्र अभ्यास आणि कॉपी यांच्यातली रेषा कशी आखायची?

सर्वाधिक वाद इथेच होतात, कारण 'चर्चा चालेल, पण काम स्वतःचे हवे' या वाक्याचे दहा अर्थ निघतात. गणिताची पद्धत फळ्यावर मांडून दाखवणे ही चर्चा आहे का? मुद्द्यांची यादी मिळून केली तर? मित्राने फक्त तपासायला म्हणून आपली फाइल पाठवली तर?

यावर चांगला चालणारा एक नियम असा: चर्चा झाल्यावर उठताना कोणीही लिहिलेले काहीही सोबत नेऊ नये. ना फोटो, ना कच्चा कागद, ना फाइल. उत्तर नंतर प्रत्येकाने एकट्याने लिहावे. ज्याला ते लिहिता येते त्याला ते समजलेले असते. पत्रकात तो असा लिहिता येईल:

'स्वाध्यायातील प्रश्नांवर वर्गमित्रांशी बोलू शकता. चर्चेत काही लिहिले तर ते तिथेच सोडा. फोटो काढू नका. उत्तर एकट्याने लिहा. ज्यांच्याशी चर्चा केली त्यांची नावे पहिल्या पानावर लिहा. नावे लिहिल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. आपले लिहिलेले उत्तर सबमिशनची मुदत संपेपर्यंत कोणालाही दाखवू किंवा पाठवू नका. देणारा आणि घेणारा दोघांनाही हाच नियम लागू आहे.'

शेवटचे वाक्य गाळू नका. उत्तर देणाऱ्याला आपण मदत केली असेच वाटत असते, आणि प्रकरण निघाल्यावर सगळ्यात जास्त धक्का त्यालाच बसतो.

व्हॉट्सॲप ग्रुपचा स्पष्ट उल्लेख करा. तारखा, सूचना, 'प्रश्न ३ मध्ये कोणते एकक धरायचे?' हे चालते. उत्तरांचे फोटो आणि चालू चाचणीतले प्रश्न चालत नाहीत. ग्रुपवर कोणी उत्तर टाकले आणि ते नजरेस पडले तर काय करायचे, हेही सांगा: वापरू नका आणि शिक्षकांना कळवा. गुन्हा न करताच अडकलेल्या चाळीस जणांना सुटकेची वाट हवी असते.

गटप्रकल्पात आणखी एक खिंडार असते. एका सदस्याचा भाग उतरवलेला निघाला तर जबाबदारी कोणाची? आधी ठरवा. अहवालाला 'कोणी काय केले' हे सांगणारे अर्ध्या पानाचे निवेदन, सगळ्यांच्या सह्यांसह, जोडायला लावले तर चौकशी त्या भागापुरती मर्यादित ठेवता येते.

वाङ्मयचौर्याची व्याख्या कशी द्यावी?

व्याख्या एका ओळीत आणि उदाहरण सविस्तर. 'संदर्भ दिला की झाले' हा समज फार पसरलेला आहे. तो एका नमुन्याने मोडतो. समजा मूळ वाक्य असे आहे:

'शहराचे तापमान आसपासच्या ग्रामीण भागापेक्षा जास्त असते, कारण काँक्रीट आणि डांबर दिवसा उष्णता शोषून घेतात आणि रात्री ती हळूहळू सोडतात.'

न चालणारे रूप: 'शहरी भागाचे तापमान नजीकच्या खेड्यांहून अधिक असते, कारण सिमेंट व डांबर दिवसा उष्णता साठवतात व रात्री ती सावकाश सोडतात.' इथे शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा तोच आहे. पुढे संदर्भ दिला तरी मांडणी स्वतःची असल्याचा आभास राहतो.

चालणारे रूप: 'सूर्यास्तानंतरही शहर लवकर थंड होत नाही. दिवसभर तापलेले रस्ते आणि इमारती रात्री उष्णता बाहेर टाकत राहतात, असे स्पष्टीकरण लेखक देतात', आणि पुढे संदर्भ.

उदाहरण तुमच्याच विषयातले घ्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचा नमुना उपयोगी पडत नाही.

दोन भाषांत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या वर्गासाठी एक कलम अत्यावश्यक आहे: दुसऱ्या भाषेतला मजकूर भाषांतर करून संदर्भाशिवाय दिला तर तेही वाङ्मयचौर्यच. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करायला स्वतः कष्ट घेतलेले असतात, त्यामुळे तो 'आपला' आहे असे अनेकांना मनापासून वाटते. आकृत्या, तक्ते, छायाचित्रे आणि आकडेवारी यांनाही संदर्भ लागतो, हे वेगळे सांगा. संदर्भपद्धत एकच ठरवा, एपीए किंवा एमएलए किंवा विभागाची स्वतःची, आणि पुस्तक, लेख व संकेतस्थळ यांचा एकेक भरलेला नमुना जोडा. स्वल्पविराम चुकला तर तो गुणांचा प्रश्न. संदर्भच नसला तर प्रामाणिकतेचा. ही दोन वेगळी प्रकरणे आहेत असे लिहा.

समानतेची टक्केवारी पत्रकात लिहावी का? उदाहरणार्थ '१५ टक्क्यांपर्यंत चालेल'?

लिहू नये. टर्निटिनसारखी प्रणाली जुळणारा मजकूर मोजते. तो अवतरणचिन्हांत आहे की नाही, संदर्भ दिला आहे की नाही, हे शेवटी माणसालाच पाहावे लागते. २५ टक्के जुळणी निव्वळ अवतरणे, संदर्भसूची आणि छापील प्रश्न यांमुळे येऊ शकते. उलट, ६ टक्क्यांतला एक सलग परिच्छेद पूर्ण उतरवलेला असू शकतो.

आकडा जाहीर केला की विद्यार्थी त्या आकड्यासाठी लिहू लागतात. शब्द फिरवून जुळणी खाली आणायची, एवढेच काम उरते. अहवाल वापरणार असाल तर तो शिक्षक वाचतील, अवतरणे व संदर्भसूची वगळली जातील की नाही, आणि मुदतीपूर्वी विद्यार्थ्याला मसुदा तपासून पाहता येईल का, एवढे लिहा.

एआयबद्दल काय लिहावे?

'एआय वापरण्यास मनाई' हे तीन शब्द आज पुरत नाहीत. वर्ड प्रोसेसर वाक्य पूर्ण करून देतो, शोधयंत्र उत्तराचा सारांश दाखवते, व्याकरण तपासणारे साधन अख्खा परिच्छेद नव्याने लिहून देते. यातले काय 'एआय' धरायचे, हे विद्यार्थ्याला कळणार कसे? साधनांच्या नावांवर विसंबू नका, ती दर सत्राला बदलतात. कामाचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याबद्दल सांगा: विषय सुचवणे, साहित्य शोधणे, आराखडा, मसुदा, भाषाशुद्धी, भाषांतर, कोड लिहिणे, कोडमधील चूक शोधणे.

एखाद्या निबंधापुरता मजकूर असा होईल:

'विषय समजून घेण्यासाठी आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी एआय साधन वापरू शकता. आराखडा आणि मसुदा स्वतः तयार करा. साधनाने लिहिलेली किंवा पुन्हा लिहून दिलेली वाक्ये निबंधात नकोत. साधन वापरले असल्यास शेवटी नमूद करा: साधनाचे नाव, वापरल्याची तारीख, कशासाठी वापरले, आणि त्यातले काय ठेवले. टिपणे आणि मसुद्याच्या आवृत्त्या गुण जाहीर होईपर्यंत जपून ठेवा.'

आणखी दोन कलमे लागतात. पहिले, दिलेल्या प्रत्येक संदर्भाचा मूळ लेख किंवा पान मागितल्यावर दाखवता आले पाहिजे. ही साधने अस्तित्वातच नसलेले लेख, खऱ्या वाटणाऱ्या लेखकनावांसकट, रचून देतात. 'मला तसे दाखवले' ही सबब चालणार नाही हे आधी सांगितलेले बरे. दुसरे, मुलाखती, रुग्णांची माहिती किंवा सहाध्यायांचे लेखन अशा साधनांत अपलोड करायचे नाही. हा मुद्दा खासगीपणाचा आहे, पण विद्यार्थी त्याचे उत्तर याच परिच्छेदात शोधतात.

तुम्ही स्वतः गुण देताना किंवा अभिप्राय लिहिताना एआय वापरणार असाल तर तेही लिहा. विद्यार्थी विचारतातच.

मग एआय डिटेक्टरने तपासू, असे लिहिले तर?

त्यावर एकट्यावर विसंबून कारवाई होईल असे लिहू नका. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला आणि अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखला होता आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला होता. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी ७ डिटेक्टर तपासले. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी एआयचे ठरवले. साध्या शब्दांत, ठरावीक वळणाने लिहिणारा विद्यार्थी इथे विनाकारण सापडतो. साधने त्यानंतर बदलली आहेत, पण त्यांचा आकडा शेवटी अंदाजच असतो. तुमच्या हातात उतरवलेली मूळ प्रत नसते.

त्याऐवजी हे लिहा: 'शंका आल्यास दहा मिनिटांची तोंडी चर्चा होईल. त्यात तुम्ही वापरलेल्या संज्ञा, निवडलेले संदर्भ आणि मसुद्याच्या आवृत्त्या यांवर प्रश्न विचारले जातील.' अशी चर्चा होऊ शकते हे पत्रकात आधीच असले म्हणजे तिला बोलावणे आरोपासारखे वाटत नाही.

जुने काम पुन्हा दिले तर?

स्वतःचेच काम दुसऱ्यांदा वापरणे चूक ठरू शकते, हे कोणी सांगितल्याशिवाय विद्यार्थ्याच्या डोक्यात येत नाही. 'दुसऱ्या विषयासाठी दिलेले काम, पूर्ण किंवा अंशतः, वापरण्यापूर्वी दोन्ही शिक्षकांची लेखी परवानगी घ्या' एवढे वाक्य पुरते. विषय पुन्हा घेणाऱ्या विद्यार्थ्याला गेल्या वेळची जर्नल चालेल का, ते मात्र वेगळे लिहा.

प्रॅक्टिकल आणि प्रोग्रॅमिंगच्या विषयांत वेगळे काय?

प्रॅक्टिकलमध्ये खरा धोका आकड्यांचा असतो. प्रयोग फसला की 'अपेक्षित' वाचने लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, कारण गुण उत्तर जुळण्याला मिळतात असे वाटते. म्हणून नियमासोबत गुणांची विभागणीही बदला: वाचने खरी असतील आणि चूक का झाली हे नीट मांडले असेल तर उत्तर चुकूनही पूर्ण गुण मिळू शकतात, असे लिहा. शेजारच्या गटाची वाचने कधी वापरता येतील (उपकरण बंद पडले आणि शिक्षकांनी परवानगी दिली, तेव्हा) आणि ती कोणाची हे कुठे लिहायचे, तेही सांगा. विसंगत वाचन खोडायचे नाही. एक रेघ मारून कारण लिहायचे.

कोडमध्ये लायब्ररी वापरणे रूढ आहे, इंटरनेटवरून पाच ओळी घेणेही. किती ओळींपुढे कॉमेंटमध्ये दुवा द्यायचा ते ठरवा. सर्वांत सोपे म्हणजे एकाही ओळीला सूट नाही. कोडमधले साम्य शोधणाऱ्या, १९९४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) तयार झालेल्या मॉससारख्या साधनाला चलांची नावे बदललेली दिसत नाहीत, त्याला रचना दिसते. तशी तपासणी करणार असाल तर सांगून टाका.

शिक्षा पत्रकात लिहाव्यात का?

तुमच्या अधिकारातल्या तेवढ्याच. निलंबन किंवा विषयात नापास करणे समितीच्या हातात असेल तर 'प्रकरण समितीकडे पाठवले जाईल' इथे थांबा. न पेलणारी धमकी पहिल्या प्रकरणातच उघडी पडते.

पायऱ्या पाडाव्यात. संदर्भ देताना झालेली चूक: दुरुस्तीची संधी, कमी गुण. काही भाग उतरवलेला: त्या कामाला शून्य. दुसऱ्याकडून करून घेतलेले काम किंवा दुसऱ्यांदा उल्लंघन: समिती. आणि पहिल्यांदा घडले तरी नोंद होईल का, हे लिहा.

आता एक गणित, जे हमखास विसरले जाते. 'दहापैकी सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरले जातील' असा नियम असेल तर कॉपीसाठी मिळालेले शून्य आपोआप गळते आणि शिक्षा उरतच नाही. 'प्रामाणिकतेच्या उल्लंघनामुळे मिळालेले शून्य वगळले जाणार नाही' हे वाक्य घाला. तसेच उशिराच्या सबमिशनची कपात तपासा. एक दिवस उशीर झाला की शून्य, असा नियम असेल तर उतरवणे आणि उशीर करणे यांची किंमत सारखीच होते. रोज १० टक्के कपात आणि एकदा कारण न विचारता ४८ तासांची सवलत ठेवली, तर रात्री अडकलेल्या विद्यार्थ्याकडे कॉपीपेक्षा स्वस्त पर्याय राहतो.

विद्यार्थ्यांकडून प्रतिज्ञेवर सही घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही, पण तिच्यावर भिस्त नको. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक अधिक प्रामाणिक राहतात, असे सांगणारा २०१२ चा शोधनिबंध खूप गाजला. २०२० मध्ये मूळ लेखकांनाच तो परिणाम पुन्हा दिसला नाही, आणि त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचे उघड झाल्यावर २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. प्रामाणिकतेच्या कलमात हे उदाहरण विद्यार्थ्यांना सांगण्यासारखेच आहे. सही घ्यायची तर ती त्या कामाच्या नियमांखाली घ्या: 'कोणाशी चर्चा केली, कोणते साधन वापरले' हे भरायला लावणारी. कोऱ्या प्रतिज्ञेपेक्षा तिचा उपयोग होतो.

ऑनलाइन चाचणी 'ओपन बुक' आहे. तेवढे लिहून पुरेल?

नाही. पुस्तक उघडे म्हणजे इंटरनेट उघडे का? स्वतःची टिपणे? मित्राची टिपणे? कॅल्क्युलेटर कोणता? चालणाऱ्या गोष्टींची पूर्ण यादी द्या आणि खाली 'यादीत नसलेले काहीही चालणार नाही' असे लिहा. चाचणी वेगवेगळ्या वेळी देणारे विद्यार्थी असतील तर शेवटच्याची वेळ संपेपर्यंत प्रश्नांबद्दल बोलायचे नाही, हेही.

प्रश्नपत्रिका आणि टिपणे बाहेरच्या संकेतस्थळांवर जातात. त्याचे काय?

कोणते साहित्य वर्गाबाहेर द्यायचे नाही त्याची नावे लिहा: आदर्श उत्तरे, प्रश्नसंच, तासाचे रेकॉर्डिंग. विद्यार्थ्याची स्वतःची टिपणे त्याची आहेत, त्यांवर बंदी घालू नका. जुन्या प्रश्नपत्रिका तुम्हीच सगळ्यांना दिल्या तर ओळखी असलेल्यांचा फायदा संपतो.

एकाच विषयाच्या चार तुकड्या आणि चार शिक्षक असतील तर?

तक्ता सगळ्यांचा एकच ठेवा. एका तुकडीत चर्चा चालते आणि दुसरीत नाही, असे झाले तर समितीपुढे नियम टिकत नाही. जर्नल तपासणाऱ्या सहायकांना शंका आली तर त्यांनी विद्यार्थ्याशी न बोलता मूळ प्रत शिक्षकांकडे द्यावी, एवढी सूचना त्यांना वेगळी द्या.

विद्यार्थ्यांना नियम कळले आहेत, हे कसे ओळखायचे?

वाचून दाखवून कळत नाही. पहिल्या आठवड्यात पाच प्रसंगांची छोटी चाचणी ठेवा. 'मैत्रिणीने तिची फाइल पाठवली, तुम्ही उघडली, पण काही घेतले नाही. पुढे काय कराल?' अशा धर्तीचे प्रसंग असावेत. पूर्ण बरोबर येईपर्यंत पुन्हा देऊ द्या, आणि ती झाल्याशिवाय पहिला स्वाध्याय स्वीकारू नका. ज्या प्रसंगावर अर्धा वर्ग चुकतो तिथे दोष तुमच्या वाक्यात असतो. ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा.

सत्राच्या मध्ये नियम बदलता येतो का?

सैल करता येतो, कडक करायचा तर फक्त पुढच्या कामांसाठी. बदल लेखी कळवा, पत्रकावर आवृत्तीची तारीख घाला आणि जुनी आवृत्ती काढून टाकू नका, कारण आधीच्या सबमिशनला तीच लागू असते. सत्र संपल्यावर वर्गात विचारले गेलेले 'चालेल का?' प्रश्न एकत्र करा. पुढच्या तक्त्याचे नवे रकाने त्यांतूनच निघतात.